सुतकातलं निवेदन

प्रति,
टोकियोतल्या साप्ताहिकांचे संपादक, वाइड शोचे (टीव्हीवरच्या बातम्या-भानगडींच्या कार्यक्रमांचे) निर्माते आणि दाराबाहेर माइक घेऊन उभे राहणारे मनोरंजन-वार्ताहर यांना

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, ऑगस्ट जवळ येतोय. ओबोन, म्हणजे तुमचा पितरांचा सण, उरकून आठवडा झाला की गायिका फुजी केइको यांचा स्मृतिदिन येतो, आणि त्यांच्याबद्दलची, त्यांच्या गायिका लेकीबद्दलची, म्हणजे उतादा हिकारूबद्दलची जुनी फाईल तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर पुन्हा उघडते. यंदा ती उघडायच्या आधी हे पत्र पोचावं, एवढीच खटपट.

जपानीत लिहिता आलं असतं. वीस वर्षं त्याच भाषेवर पोट भरतेय. पण तुमच्यासारख्या मोठ्या माणसांना जपानीत पत्र लिहायचं म्हणजे आधी हवामान, मग आपल्या प्रकृतीची चौकशी, मग अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा, आणि एवढं वाकून झाल्यावर भांडायला कणा सरळ राहत नाही. म्हणून माझ्या भाषेत लिहितेय. भाषांतरकार तुम्हाला मिळतील. मी मात्र हे काम घेणार नाही.

माझी ओळख थोडक्यात. मी पुण्याची. चाकणकडच्या जपानी कारखान्यांची मॅन्युअल्स मराठीत आणते. प्रेस मशिनमध्ये हात कुठे घालू नये हे जपानी माणूस चार पानं सांगतो, मी ते दोन पानांत बसवते. 2009 ते 2014 टोकियोत होते, निशी-कासाइला, जिथे तोझाइ लाइनच्या डब्यात सकाळी मराठी कानावर पडलं तर कुणी वळून बघत नाही. जपानी शिकले ती त्याच्या आधी, सदाशिव पेठेत, वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या एका वर्गात. तिथे बाईंनी एकदा सीडी आणली आणि म्हणाल्या, व्याकरण नंतर, आधी ऐका. आम्ही सोळा-सतराजणी होतो. गाणारी आमच्याहूनही लहान, हे बाईंनी गाणं संपल्यावर सांगितलं. तेव्हापासून माझा तिच्याशी संबंध आहे. एकतर्फी, पण तुमच्यापेक्षा जुना नसला तरी तुमच्यापेक्षा सभ्य.

हिक्कीची (चाहते तिला याच नावाने हाक मारतात, मीही तेच वापरते) पहिली सिंगल 9 डिसेंबर 1998 ला आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मार्च 1999 मध्ये ‘फर्स्ट लव्ह’ अल्बम आला. एकट्या जपानात त्याच्या 76 लाखांहून जास्त प्रती खपल्या. आजवर जपानात दुसरा कुठलाच अल्बम एवढा खपलेला नाही. शाळेतल्या मुलीच्या डोक्यावर एवढा मोठा आकडा ठेवला की तिची मान कशी राहील याचा विचार तेव्हा तुम्ही केला नाहीत. आम्हीही केला नाही. आम्ही वहीत गाण्याचे शब्द उतरवून घेत होतो.

आता 2010. ऑगस्टचाच महिना, 9 तारीख. तिने आपल्या ब्लॉगवर जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून कलाकार म्हणून काम थांबवते आणि काही काळ ‘निंगेन कात्सुदो’ करते.

हा शब्द तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण हे पत्र माझ्याकडची माणसंही वाचणार आहेत. निंगेन म्हणजे माणूस. कात्सुदो म्हणजे उपक्रम, कामकाज, हालचाल. जपानी माणूस आयुष्यातल्या प्रत्येक टप्प्याला कात्सुदो, थोडक्यात कात्सु, लावतो. नोकरी शोधणं हे शूकात्सु. लग्न जुळवणं हे कोनकात्सु. मरणाची तयारी, म्हणजे मृत्युपत्र, कबर, आवरासावर, हेसुद्धा शूकात्सुच, फक्त लिहायची चिन्हं वेगळी. कलाकार आजारी पडला, थकला, की कंपनीचं पत्रक निघतं: ‘कात्सुदो क्यूशी’, कामकाज स्थगित. दुकानाच्या शटरवर लावायची पाटी असावी तसा शब्द. हिक्कीने ती पाटी उलटी केली. जणू म्हणाली, मी नुसतं काम थांबवत नाही, दुसरं काम हातात घेतेय, माणूस असण्याचं. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे काका तेव्हा हसून म्हणाले होते, “बघा, आम्हाला सुट्टीलासुद्धा उपक्रम म्हणावं लागतं.” मला मात्र ती चलाखी वाटली नाही. एका माणसाने स्वतःच्या थांबण्याला स्वतः दिलेलं ते नाव होतं. मराठीत मी त्याला ‘माणूसकाम’ म्हणते.

कारणही तिने तिथेच लिहिलं होतं. पंधराव्या वर्षापासून आयुष्य गाण्याभोवती फिरलं, माणूस म्हणून वाढायचं काही राहून गेलं; मॅनेजर शेजारी नसला तर काहीच करता येत नाही अशी बाई होऊन म्हातारं व्हायचं नाही, अशा अर्थाचं. यात न समजण्यासारखं काय होतं? पण माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं कारण तुमच्याकडे कधी ‘खरं कारण’ नसतंच. ते नेहमी त्याच्या मागे असतं, आत असतं, ‘जवळच्या व्यक्तीने सांगितल्यानुसार’ असतं. 8 आणि 9 डिसेंबरला योकोहामा अरेनात दोन कार्यक्रम करून ती गेली, आणि तुम्ही मागे राहून उकरत बसलात.

मधल्या काळात ती पूर्ण गप्पही नव्हती. 2012 च्या नोव्हेंबरात एका ॲनिमे सिनेमासाठी ‘साकुरा नागाशी’ हे गाणं आलं, 2013 च्या एप्रिलपासून महिन्यातून एकदा ती रेडिओवर आपल्या आवडीची गाणी लावायची. मी ऐकायचे. कामाच्या ताणातून सुटलेल्या माणसाचा आवाज होता.

आणि मग 22 ऑगस्ट 2013. गुरुवार. सकाळी शिंजुकुमध्ये फुजी केइको यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय 62. कुठल्या इमारतीत, कसं, ते मी लिहिणार नाही. तुम्ही इतक्यांदा लिहून झालंय की लोकांना ते पाठ आहे, आणि माझी पहिली तक्रार नेमकी तीच आहे.

फुजीबाईंबद्दल थोडं सांगते, कारण तुमचं त्यांच्याशी नातं लेकीपेक्षा जुनं आहे. आई-वडील रोक्योकू गात हिंडायचे. शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने गोष्ट सांगत गायचा प्रकार तो. आपल्याकडे पोवाडा आणि कीर्तन यांच्या मधे कुठेतरी बसेल. आईला दिसत नव्हतं. मुलगी लहानपणापासून होक्काइदोच्या थंडीत त्यांच्याबरोबर गात फिरली. 1969 मध्ये तिची पहिली एन्का, म्हणजे जुन्या वळणाचं विरहाचं गाणं, आली. 1970 मध्ये पहिला अल्बम वीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि तो खाली आला तो तिच्याच दुसऱ्या अल्बमला जागा देण्यासाठी. दोन्ही मिळून सलग 37 आठवडे. तेव्हा ती 18-19 वर्षांची पोर. आवाज घोगरा, चेहऱ्यावर हसू नाही. हसू नाही हेच तिचं विकाऊ अंग ठरलं. गरिबी, आंधळी आई, रस्त्यावरची गाणी, सगळं जाहिरातीत घातलं गेलं, आणि देशाने ते पोटभर ऐकलं. दशावताराच्या खेळात एखाद्याला एकदा राक्षसाचं सोंग दिलं की गाव त्याला बाजारातही त्याच नावाने हाक मारतं, तसं झालं. दुःखी बाईचं सोंग त्यांच्या अंगावरून कुणी उतरवूच दिलं नाही. 1979 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती जाहीर केली, अमेरिकेला गेल्या, 1981 मध्ये परत आल्या. ‘पुनरागमन’ हा शब्द या घरात लेकीच्याही आधी येऊन गेला होता.

त्या ऑगस्टमध्ये मी रोज तोझाइ लाइनने जात होते. डब्यात छताला लटकणाऱ्या तुमच्या जाहिराती असायच्या, आठवड्याचे सगळे मथळे एका कागदावर, उभ्या ओळींत. गर्दीत मान वर केली की दुसरं काही दिसत नाही. 2021 मध्ये दोन मोठ्या साप्ताहिकांनी त्या बंद केल्या. परवडत नव्हत्या म्हणून, लाज वाटली म्हणून नव्हे. तेव्हा मात्र होत्या. त्या कागदांवर काय होतं ते मी इथे उतरवणार नाही. एवढंच सांगते की माझ्या शेजारी दांडा धरून उभी असलेली शाळकरी मुलगी ते वाचत होती, आणि मी तिच्या आणि कागदाच्या मधे उगाचच माझी पिशवी धरली होती.

26 ऑगस्टला, सोमवारी, हिक्कीचं निवेदन आलं. चार दिवसांत.

त्यातलं दुसरं वाक्य तुम्ही सगळ्यांनी छापलंत, पण ते तुमच्याबद्दल होतं हे तुमच्या लक्षात आलं नाही. बरेच तर्कवितर्क चाललेले दिसतात, म्हणून थोडं बोलू द्या, असा त्याचा अर्थ. म्हणजे तिला बोलायचं नव्हतं. तुमच्या तर्कवितर्कांनी तिला बोलायला लावलं. आणि काय बोलावं लागलं? की आई फार वर्षांपासून मनाच्या आजाराने त्रस्त होती. आजारच असा की स्वतःहून उपचार घेणं तिला जमत नव्हतं. घरच्यांना काय करावं सुचत नव्हतं. लहानपणापासून तो आजार वाढताना पाहिला. आईचा माणसांवरचा, घरच्यांवरचासुद्धा, विश्वास उडत गेला. खरं काय आणि भास काय यातली रेघ पुसट झाली. आपण काहीच करू शकलो नाही. मुलीने आईबद्दल हे कुठे सांगावं? डॉक्टरला. फार तर बहिणीला, रात्री, दिवा मालवून. तिला ते सगळ्या देशाला सांगावं लागलं, कारण तिने सांगितलं नसतं तर तुम्ही त्या रिकाम्या जागेत वाट्टेल ते भरलं असतंत.

आमच्याकडे याला सुतक म्हणतात. दहा दिवस. घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. सुतकातल्या माणसाकडून कुणी काही मागत नाही, त्याने कुणाला काही द्यायचं नसतं. या प्रथेत कितीतरी गोष्टी चुकीच्या आहेत, मी स्वतः त्यातल्या अर्ध्या पाळत नाही. पण एक गोष्ट तिने बरोबर ओळखलीय: या दिवसांत या घराने जगाला उत्तर द्यायचं नाही. तुम्ही सुतकातल्या मुलीकडून निवेदन मागितलंत. दारात भात घेऊन जायचं तर माइक घेऊन गेलात.

इथे थोडं घरचं सांगते, नाहीतर मी एवढी का तापलेय ते कळायचं नाही.

माझी धाकटी मावशी. तिच्याबद्दल घरात जे शब्द होते ते असे: तिचा स्वभावच तसा आहे. लग्नानंतर तिला बाधलं. जरा हवापालट केला की होईल बरी. एकदा कोकणातल्या एका देवस्थानालाही नेऊन आणली. ‘आजार’ हा शब्द यायला अकरा वर्षं लागली, आणि तोही एका तरुण डॉक्टरने उच्चारला तेव्हा माझे मामा त्याच्यावरच रागावले. या काळात आम्ही भावंडांनी एक खेळ आत्मसात केला होता: कुणी विचारलं की विषय बदलायचा. तो मला फार छान यायचा.

हिक्कीचं निवेदन मी त्याच रात्री मराठीत उतरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. फोनवरून आईला वाचून दाखवलं. कुणाचं आहे ते आधी सांगितलं नाही. निवेदनाच्या शेवटाकडे ती आईचं वर्णन करते: भित्री तरी नाकावर माशी न बसू देणारी, अन्याय न खपणारी, हसायची फार, डोकं झपाझप चालायचं, लहान पोरासारखी एका झटक्यात काहीही करून बसायची, वेंधळी, आणि सगळ्यांत गोड. दुःखाच्या आठवणीच जास्त असल्या तरी आई म्हटलं की समोर येते ती हसणारीच. तिची मुलगी असल्याचा अभिमान आहे. मी वाचून थांबले. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग आई म्हणाली, “आपली पण हसायची. आठवतं का तुला?” मला आठवत नव्हतं. मी जन्मायच्या आधीचं हसू असावं. पण त्या रात्री आईने पहिल्यांदा मावशीचा विषय बदलला नाही.

त्यामुळे त्या निवेदनाचे उपकार माझ्यावर आहेत, हे मान्य. पण त्यावरून तुम्ही असं म्हणू नका की बघा, आम्ही बोलायला लावलं म्हणून चांगलंच झालं ना. ती बोलली हा तिचा मोठेपणा. तो तुमच्या खात्यात जमा होत नाही.

आता तुम्ही ज्याला ‘फुक्की’ म्हणता त्या पुनरागमनाकडे येते.

4 एप्रिल 2016, सोमवार, सकाळी आठ. एनएचके या सार्वजनिक वाहिनीची सकाळची पंधरा मिनिटांची मालिका सुरू झाली. वडील गेल्यावर घर सावरणाऱ्या थोरल्या मुलीची गोष्ट. आणि शीर्षकगीत होतं ‘हानाताबा ओ किमी नि’, तुला फुलांचा गुच्छ. मी तेव्हा पुण्यात परत आले होते. मैत्रिणीने टोकियोहून सकाळीच कळवलं, ऐक, ती आलीय. वरवर ऐकलं तर कुणीही कुणालाही फुलं द्यावीत असं गाणं. शाळेला निघालेली मुलं, भाताचा कुकर, दाढी करणारे बाप, सगळ्यांच्या कानावर ते सहा महिने, आठवड्याचे सहा दिवस पडत राहिलं. तिने ते आईसाठी लिहिलं होतं. तुम्ही ज्या मरणाचा एवढा गलका केला होता, त्याबद्दलचं गाणं तिने लोकांच्या न्याहारीत ठेवून दिलं आणि कित्येकांना ते कळलंही नाही.

त्याच सुमाराला दुसरं गाणं आलं, ‘मानात्सु नो तोओरीआमे’. भर उन्हाळ्यातली येऊन जाणारी सर. आमच्या भाषेत सरीवर सर असते, पण ही एकच, उन्हात पडून जाणारी, अंगण ओलं होतं न होतं तोच वाळणारी. आणि ते वाजायचं कुठे, तर एका वाहिनीच्या रात्रीच्या बातम्यांच्या शेवटी. दिवसभराच्या बातम्या सांगून संपल्या की हे गाणं. ही निवड कुणाची, त्यात किती योगायोग, त्यात मी शिरत नाही. ‘खरं कारण’ शोधायचा धंदा तुमचा. पण मला ते फार भावलं. बातमी संपते तिथून ते सुरू व्हायचं.

28 सप्टेंबर 2016 ला अल्बम आला. साडेआठ वर्षांनी. नाव ‘फान्तोम’, फ्रेंच शब्द, अर्थ भूत, छाया, दिसून न दिसणारं काहीतरी. मुखपृष्ठावर तिचा कृष्णधवल चेहरा. अल्बम आईला अर्पण केलेला. आमच्याकडे त्या दिवशी पितृपक्ष चालू होता, सर्वपित्रीला दोन दिवस राहिले होते. हे अर्थातच तिला माहीत असण्याचं कारण नाही. माझ्या आईला मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. “बरोबर वेळेवर आलीय,” म्हणाली, आणि पान वाढायला गेली. त्या अल्बममधली गाणी रडकी नाहीत, हेही सांगायला हवं. पहिलंच गाणं पायाने ठेका धरायला लावणारं आहे. गायिका शिना रिंगोबरोबरचं एक गाणं आहे, दोन बायका संसारातून दोन तास सुट्टी घेतात त्याचं, चांगलं खट्याळ. शेवटी ‘साकुरा नागाशी’ आहे, 2012 चं, आई होती तेव्हाचं. ते शेवटी आल्यामुळे त्याचा अर्थच बदलतो.

त्या वर्षी 31 डिसेंबरला ती पहिल्यांदा कोहाकुमध्ये, एनएचकेच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात, गायली. तेही लंडनहून. सगळा देश एका सभागृहाकडे डोळे लावून बसलेला असताना ती सात समुद्रांपलीकडे उभी राहून फुलांचंच गाणं गायली. मला त्या अंतराचं फार कौतुक वाटलं. परत आली, पण तुमच्या हाताला लागेल इतकी जवळ आली नाही.

आणि तुम्ही काय लिहिलंत? तुमच्याकडे परत येणाऱ्यासाठी ठरलेला साचा आहे. आजारी पडल्याबद्दल त्याने आधी माफी मागायची: आपणा सर्वांना काळजीत टाकलं, त्रास दिला. मग तुम्ही लिहायचं: दुःखावर मात करून. मात म्हणजे काय? ही काय कुस्ती आहे? आई गेल्यावर लेक दुःखावर मात करत नाही, ती दुःखाला घरात एक खोली देते आणि बाकीच्या घरात राहायला लागते. अशा माणसाचं काम तुम्ही ऐकायचं असतं. तुम्ही त्याचे डोळे सुजलेत का ते बघता.

हिक्कीचं कॅमेऱ्याशी वैर नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून एक आठवण. 2018 च्या अखेरीला तिने बारा वर्षांनी देशभर दौरा केला, आणि प्रेक्षकांना फोनवर फोटो काढायला, चित्रण करायला परवानगी दिली. जपानी कार्यक्रमात हे किती दुर्मिळ ते तुम्हाला ठाऊक आहे. एरवी फोन वर केला की कर्मचारी धावत येतो. म्हणजे परवानगी विचारली तर ती मिळते. विचारायची मात्र लागते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं, आम्ही बदललो. थोडे बदललात, खरं आहे. हल्ली अशा बातमीच्या तळाशी मदतीच्या फोनचे नंबर छापता. तुमचं आरोग्य मंत्रालय जागतिक आरोग्य संघटनेची सूत्रं काढून तुम्हाला पुनःपुन्हा पाठवतं: जागा सांगू नका, पद्धत सांगू नका, एकाच कारणावर बोट ठेवू नका. 2022 मध्ये अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षाही वाढली, एक वर्षापर्यंत कैद; त्यामागे ऑनलाइन छळाने गेलेल्या एका तरुण मुलीच्या आईचे कष्ट होते. हे सगळं चांगलं झालं. पण तळाशी नंबर आणि वर तोच जुना मजकूर, याला मी बदल म्हणत नाही. आमच्याकडे तंबाखूच्या पुडीवर कॅन्सरचं चित्र छापतात, तसं ते दिसतं.

आणि 2021 चा डिसेंबर मी विसरलेले नाही. गायिका मात्सुदा सेइको यांची एकुलती एक मुलगी साप्पोरोत वारली. तीही गायिका, अभिनेत्री. तीन दिवसांनी आई आणि वडील, घटस्फोट होऊन जमाना लोटलेले, एकमेकांशेजारी त्या थंडीत तुमच्यासमोर उभे होते. वडील बोलले. आई उभी होती. त्यांनी बोलायचं ठरवलं तो त्यांचा निर्णय, पण तुम्ही तिथे जमला नसतात तर त्यांना उभं राहावं लागलं असतं का? आठ वर्षांपूर्वी मुलीकडून आईबद्दल निवेदन घेतलंत, आता आईबापांकडून मुलीबद्दल. सेइकोंनी त्या वर्षीचं कोहाकु सोडलं आणि 2022 च्या उन्हाळ्यात पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. तेव्हा पुन्हा तुमच्या लेखण्यांना ‘मात’ हा शब्द सापडला असेल. मी वाचायचं टाळलं.

तर माझं मागणं.

तुमच्याकडे सुतक दहा दिवसांचं नाही, 49 दिवसांचा हिशोब आहे. तोवर गेलेला माणूस पुरता गेलेला नसतो, वाटेत असतो, असं तुमच्याच आज्या सांगतात. मी तुमच्याकडून परदेशी नियम मागत नाही. तुमच्या घरातलाच पाळा. 49 दिवस त्या दारात जाऊ नका. तेवढ्यात तुमचे सात अंक निघतील, त्यांत छापायला दुसरं काही सापडत नसेल तर पानं कोरी ठेवा. वाचक मरत नाहीत. त्या घराने काही सांगितलं तर छापा, जेवढं सांगितलं तेवढंच, आणि ‘जवळच्या व्यक्तीं’ना घरी झोपू द्या. जागा आणि पद्धत कधीच नको, 49 दिवसांनीही नको, स्मृतिदिनालाही नको. एखादा गायक थांबतो म्हणाला तर त्याने दिलेलं कारण हेच कारण. परत आला तर गाण्याबद्दल लिहा. सूर कसा लागला, शब्द कसे आहेत, वाद्यमेळ कसा आहे. त्यासाठी गाणं ऐकावं लागतं आणि ऐकायला वेळ लागतो, याची मला कल्पना आहे.

हे पत्र ज्या मराठी वाचकांच्या हाती पडेल त्यांना एक नंबर देऊन ठेवते, मी वर तुमच्या नंबरांवर बोलले तरीही. टेलिमानस, 14416. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आमच्या मावशीच्या वेळी तो नव्हता.

कळावे. लोभ असण्याचं कारण नाही, पण राग नसावा.

आपली,
पुण्याची एक भाषांतरकार

ता. क.: 2021 मध्ये हिक्कीने आपण नॉनबायनरी असल्याचं सांगितलं. जपानीत यामुळे माझं काहीच अडत नाही, तुमच्या क्रियापदाला लिंग नसतं, ‘उताऊ’ म्हटलं की झालं. मराठीत ‘गाते’ की ‘गातो’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे जात नाही, आणि ‘गातं’ म्हटलं तर पाळण्यातलं बाळ वाटतं. पत्रभर सवयीने ‘ती’ लिहिलंय. दुसरा चांगला मार्ग सापडला की कळवीन. तुम्हाला नाही, तिला.